ग्लेनिस लॅडलॉचं माप

"हात वर कर. अजून वर. आता तसाच ठेव."

"किती वेळ, नॉरीन? खांदा भरून आलाय माझा."

"एक बाई आहे, एक टेप आहे. थांब जरा."

ग्लेनिस लॅडलॉ माझ्या शिवणाच्या खोलीत बुटक्या स्टुलावर आतल्या कपड्यांनिशी उभी होती. जुलै महिना, ऑस्ट्रेलियातला ऐन हिवाळा होता, बाहेर गवतावरचं गोठलेलं दंव अजून वितळलं नव्हतं, म्हणून मी हीटर तिच्या पायांशी आणून ठेवला होता. तीन आठवडे ती उत्तरेकडच्या उबदार समुद्रात बोटीच्या सफरीवर गेली होती. निदान अख्ख्या यारावी गावाला तिनं तसं सांगितलं होतं. बोटीवर म्हणे रोज सकाळी दहा फेऱ्या, दुपारी नुसतं सूप, आणि केकच्या ताटाकडे ढुंकूनही बघायचं नाही.

"कंबर बघ," ती म्हणाली. "बाकी काही बघू नकोस, कंबर बघ फक्त."

मी बघितली. एप्रिलमधल्या मापापेक्षा साडेतीन इंच कमी. पण टेप खाली नेताना मला बाकीचंही दिसलं. बेंबीखाली एक आणि दोन्ही कुशींना एकेक, शर्टाच्या गुंडीएवढे तीन गुलाबी डाग. कुशीची कातडी बोटाला निबर लागत होती. बरगड्यांवर आणि मांड्यांवर घट्ट पट्ट्याच्या शिवणीचे वळ उमटले होते. आणि तीन आठवडे समुद्रावरच्या उन्हात काढून आलेल्या बाईचा रंग होता दुधासारखा पांढराफेक.

"वजन किती उतरलं?" मी साळसूदपणे विचारलं.

तिचं तोंड क्षणभर उतरलं. "वजनाचं काय घेऊन बसलीस? वजन म्हणजे काय, हाडांचंही असतं. माप बघ तू."

तेवढ्यानं माझी खात्री पटली. साडेतीन इंच गेलेली बाई जेव्हा वजन सांगायला कचरते, तेव्हा ते इंच चालून गेलेले नसतात, नळीतून गेलेले असतात. ग्लेनिस बोटीवर नव्हतीच. ती गोल्ड कोस्टला कुठल्या तरी दवाखान्यात झोपून पोटाची चरबी ओढून घेत होती.

हे मला कसं कळलं? माझ्या मुलीच्या, ट्रूडीच्या अंगावर असेच तीन डाग आहेत.

ट्रूडीनं लायपोसक्शन करून घेतलं तेव्हा ती तिशीची होती, सिडनीला एका खोलीच्या घरात राहत होती. मी सहा आठवडे तिच्यापाशी जाऊन राहिले. ऑपरेशननंतर अंगाला आवळून घालायचा तिचा पट्टा मी बांधला, सोडला, धुतला, वाळवला. तिसऱ्या दिवशी ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि काटा दोन किलो वर गेलेला बघून ढसाढसा रडली. डॉक्टरांनी तीन लिटर चरबी काढली होती आणि सुजेचं पाणी त्याहून जास्त साठलं होतं. दर रविवारी मी टेप घेऊन तिचं माप घ्यायचे आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचे. सूज पुरती उतरायला तीन महिने लागले. शेवटी काटा आधीपेक्षा अडीच किलोनं खाली आला, बस्स. पण पोट सपाट झालं होतं. सोफ्यावर आडवी पडून ती हातानं पोट चाचपायची आणि हसायची. वर्षभर पोरगी खुशीत होती.

मग भूक होती तीच राहिली. पोटाला आता पहिल्यासारखी जागा नव्हती, म्हणून जे काही अंगाला लागायचं ते दंडात, पाठीवर आणि काखेखाली जाऊन बसायला लागलं. डाव्या कुशीला डॉक्टरांनी जरा जास्तच ओढलं होतं, तिथे खळगा राहिला तो राहिलाच.

"आई, सामान नुसतं या खोलीतून त्या खोलीत गेलंय," ट्रूडी म्हणाली होती. त्यानंतर ती पर्थला निघून गेली, देशाच्या दुसऱ्या टोकाला. आठ वर्षं झाली. नाताळला कार्ड पाठवते, फोटो पाठवत नाही.

आणि हे सगळं तिनं कोणापायी केलं, ते माझ्या स्टुलावर हात वर करून उभं होतं.

आमच्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचा डेब बॉल होतो. पांढरा लांब झगा, कोपरापर्यंत हातमोजे, बरोबर एक मुलगा, आणि टाउन हॉलमध्ये सगळ्या गावासमोर महापौरांना लवून नमस्कार. बाहेरच्यांना हसू येईल, पण यारावीत पोरी त्या एका संध्याकाळसाठी दोन वर्षं झुरतात. तेव्हा त्या समितीवर ग्लेनिसच होती, मुलींना नाच शिकवणारीही तीच. ट्रूडीचा झगा मी चार महिने शिवत होते. पाठीला कापड मढवलेल्या एकसष्ट गुंड्या, एकेक हातानं लावलेली. बॉलला तीन आठवडे राहिले असताना ग्लेनिस इथेच, या खोलीत येऊन म्हणाली, "नॉरीन, वाईट वाटून घेऊ नकोस हं. रांगेचा फोटो चांगला यायला हवा. तिच्या जोडीदाराचा हात तिच्या कमरेभोवती पोचत नाही, मुलं हसतात. आपण असं करू, ट्रूडीला दारात उभी करू. कार्यक्रमपत्रिका वाटेल. पांढरा झगा दारातही शोभून दिसेल."

ट्रूडी तो झगा घालून दारात उभी राहिली. वर्गातल्या मुलींच्या आईबापांना पत्रिका देत, सगळ्यांकडे बघून हसत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

आणि मी काय केलं? काही नाही. मूग गिळून बसले. माझी निम्मी गिऱ्हाइकं ग्लेनिसच्या मैत्रिणी होत्या. माझ्या नवऱ्याच्या, डेसच्या पाठीचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं, त्याला धान्याचा ट्रक चालवता येत नव्हता, घर माझ्या मशीनवर चालत होतं. म्हणून त्यानंतर बावीस वर्षं मी ग्लेनिसचे कपडे शिवले. दर ऑक्टोबरात यारावी कपच्या घोड्यांच्या शर्यती होतात आणि त्या दिवशी बायकांच्या पोशाखांची स्पर्धा असते. ग्लेनिसनं माझ्या हातचे कपडे घालून तिथे नऊ वेळा विजेतीची सॅश मिळवली. माईकवाला दर वर्षी विचारतो, "ड्रेस कुणी शिवला?" आणि ग्लेनिस दर वर्षी मान तिरकी करून म्हणते, "अहो, अगदी घरगुतीच आहे." माझं नाव तिनं त्या माईकवर एकदाही घेतलं नाही. ते मी सोडून दिलं असतं. दारातली ती पांढरी पोर मी सोडणार नव्हते. बावीस वर्षं मी डूख धरून होते, फक्त डसायचं कुठे ते कळत नव्हतं.

त्या जुलैच्या सकाळी ते कळलं.

आता शिवणाचं थोडं सांगते. कुठल्याही कपड्याच्या शिवणीत मी आत पाऊण इंच माया सोडते. उद्या बाई थोडी भरली, तर उसवून सैल करता येतं. ग्लेनिसच्या कपड्यात मी पाठीला आणि कुशीला दीड इंच सोडत आले. कारण टेप लागला की ती श्वास आत ओढून धरते. लग्नाआधीपासूनची सवय आहे तिची. मी कागदावर ती देते ते माप लिहायचे आणि कापड तिच्या खऱ्या अंगाचं कापायचे. तिला वाटायचं तिची कंबर एकोणतीस आहे. माझ्यामुळे वाटायचं.

"लिंबाच्या रंगाचं जाड रेशीम आणलंय," ती खाली उतरत म्हणाली. "खास सिडनीहून. अंगासरशी बसला पाहिजे, नॉरीन. म्हातारीसारखं पोतं नकोय मला यंदा. मी आता हे शरीर कमावलंय, ते दिसलं पाहिजे."

"दिसेल," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये ती दुसऱ्या मापाला आली तेव्हा येताना लॅमिंग्टनचा, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेल्या चॉकलेट केकचा डबा घेऊन आली. कंबर अजून अर्धा इंच उतरली होती, सुजेचं शेवटचं पाणी. छाती मात्र अर्धा इंच वाढली होती, पाठ पाऊण इंच. मी आकडे लिहून घेतले. ग्लेनिसनं एक लॅमिंग्टन संपवला, दुसरा उचलला, त्याचा नारळाचा भुगा माझ्या सतरंजीवर पडला.

"गंमत सांगू? आता मी काहीही खाल्लं तरी पोटावर येतच नाही. बोटीवरच्या हवेनं माझं शरीरच बदललंय."

"हवा चांगली असते समुद्रावरची."

"तूही जा एकदा. तुलाही गरज आहे." तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसली. "रागावू नकोस हं. मैत्रीण म्हणून सांगते."

एक वाक्य पुरलं असतं. ग्लेनिस, पोटावर येत नाही ते पाठीवर येतं, जरा जपून खा. एवढं म्हटलं असतं तर तिनं लॅमिंग्टन खाली ठेवला असता, नसता, ते तिचं ती. पण मी डबा तिच्याकडे सरकवला. "घे ना अजून एक. एवढी मेहनत केली आहेस."

हो, मी सरकवला. लपवून काय करू?

शेवटचं माप सप्टेंबरच्या आठ तारखेला झालं. कपला सहा आठवडे होते. पाठ आणखी अर्धा इंच वाढलेली, दंडाला नमुन्याच्या साध्या कापडाची, कच्च्या टाक्यांची बाही चढेना, तरी ग्लेनिस आरशात कमरेखेरीज काही बघायला तयार नव्हती. श्वास आत ओढून, पोट नसताना पोट आत घेऊन उभी होती.

"आता पुन्हापुन्हा बोलावू नकोस मला. यावर शीव."

"याच मापावर? नक्की?"

"मी अजून उतरणार आहे, नॉरीन. उलट कमी कर."

"जसं म्हणशील तसं."

त्या दुपारी खोलीत मी एकटीच होते. डेस व्हरांड्यात शब्दकोडं सोडवत होता. बाहेर झाडावरची मॅगपाय पोस्टमनच्या डोक्यावर झेप घेत होती, अंडी घालायचे दिवस ना, दिसेल त्याला टोचतात. मी रेशीम टेबलावर पसरलं. इतकं सुंदर कापड मी दहा वर्षांत हाताळलं नव्हतं. खडूनं रेघा मारल्या. ग्लेनिसनं दिलेलं माप, जसंच्या तसं, ओढलेल्या श्वासासकट. शिवून झाल्यावर मी मोठी कात्री घेतली आणि आतलं वाढीव कापड शिवणीच्या कडेनं कापत गेले. पाठीला, बाहीच्या मुंढ्याला, दोन्ही कुशींना. जेमतेम एक सूत, इंचाचा आठवा भाग, ठेवलं. शहाणा शिंपी एवढ्यावर रुमालही शिवत नाही. वर आतून अस्तर लावून टाकलं, म्हणजे कुणी उलटून बघितलं तरी दिसू नये.

लिंबाच्या रंगाच्या पट्ट्यांचा ढीग खुर्चीवर पडला होता. डेस चहाला आत आला.

"एवढं कापड वाया घालवलंस? तू तर चिंधीसुद्धा जपून ठेवतेस."

"ग्लेनिसचं आहे."

"मग परत दे तिला."

"देणार आहे," मी म्हटलं. "सगळंच परत देणार आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पन्नास वर्षं संसार केलेला माणूस, त्याला काही तरी वास लागला असणार. "नॉरीन, काय शिजतंय तुझ्या डोक्यात?"

"तुझा चहा शिजतोय. बस."

कपच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि पश्चिमेकडून गार वारा सुटला होता. सगळं यारावी मैदानावर लोटलं होतं. सॉसेज भाजल्याचा धूर, बिअरचे प्लास्टिकचे ग्लास, गवतात रुतणाऱ्या उंच टाचा, तिसऱ्या शर्यतीपर्यंत अनवाणी झालेल्या पोरी. मी मंचाच्या अगदी समोर, महिला मंडळाच्या चहाच्या टेबलापाशी जागा धरून बसले. बावीस वर्षांत मी तिथे कधी इतक्या पुढे बसले नव्हते.

ड्रेस तिला कसा चढला असेल ते देव जाणे. नवऱ्यानं ओढून चेन लावली असणार. पण चढला होता, आणि सांगायला हरकत नाही, लांबून ती दिसत होती झकास. कंबर खरोखर पंचविशीतल्या मुलीसारखी. बायका कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "सुपानं होतं का गं असं?" दुसरी म्हणाली, "मी तर आयुष्यभर सूपच पितेय बाई." ती वळून फिरायची तेव्हा मला फक्त पाठ दिसत होती. मुंढ्यापासून कमरेपर्यंत रेशीम असं ताणलं होतं की शिवणीच्या कडेला टाक्यांची भोकं मोठी होताना मला दिसत होती.

शेवटच्या पाचजणींत तिचं नाव आलं. मंचावर माईक घेऊन गावच्या रेडिओवरचा बर्नी उभा होता.

"आणि ग्लेनिस! काय दिसताय तुम्ही! रहस्य काय?"

"चालायचं, बर्नी. चालायचं आणि तोंडावर ताबा ठेवायचा."

लोक हसले. "आणि हा सुरेख ड्रेस कुणी शिवला?"

मान तिरकी झाली. "अहो, अगदी घरगुती..."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि तिची टोपी उडाली. ती टोपीमागे गर्रकन वळली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

आवाज फार मोठा नव्हता, पण माईक जवळ होता. मुंढ्यापासून चेनीपर्यंत आणि चेनीपासून कमरेपर्यंत पाठ उघडी पडली. एक गोष्ट सांगते, टाका तुटला नाही. माझा टाका तुटत नाही. धरायला कापडच उरलं नव्हतं, म्हणून रेशीम टाक्यांतून सुटून आलं, धागा तसाच सरळ राहिला. फाटीतून घट्ट पट्ट्याची वरची कड दिसली आणि त्या कडेवरून पाठीची वळी बाहेर आलेली. आधी पोरांच्या घोळक्यातून एक शिट्टी, आणि मग मैदान हसलं. अख्खं मैदान. मी ते हसू बावीस वर्षं वाट बघून ऐकत होते, आणि ते गोड लागलं. अगदी गोड लागलं.

ग्लेनिसनं एक हात पाठीमागे नेऊन फाट दाबून धरली. दुसऱ्या हातानं बर्नीच्या हातातला माईक ओढून घेतला. तोंड लालबुंद झालं होतं.

"नॉरीन प्रॉसर!" ती ओरडली. "हा ड्रेस नॉरीन प्रॉसरनं शिवलाय! मेन स्ट्रीटवरची नॉरीन प्रॉसर! नीट ऐकून ठेवा सगळ्यांनी!"

चारही कर्ण्यांतून माझं नाव पार घोड्यांच्या तबेल्यापर्यंत गेलं. महिला मंडळाच्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला उठून सांगावंसं वाटलं की टाका तुटलेला नाही, जवळ येऊन बघा. पण ते मी कुणाला सांगणार होते?

ती मंचावरून उतरून सरळ माझ्याकडे आली, मला हाताला धरून चहाच्या तंबूमागे घेऊन गेली. तिथे रिकामे दुधाचे क्रेट रचले होते. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"पर्समध्ये सुईदोरा असतोच तुझ्या. आतलं कापड सोड आणि पटकन टाके घाल. निकाल अजून लागायचाय."

"आतलं कापड?"

"तू ठेवतेस ते. नेहमी ठेवतेस."

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे? मी आंधळी आहे का? तू मला एकोणतीस म्हणतेस आणि बत्तीसचा ड्रेस देतेस, एवढं कळत नाही मला? नाहीतर सिडनीच्या बाईकडे गेले नसते मी? ती माझ्या अंगाला काही माफ करत नाही. तू करतेस. म्हणून येते तुझ्याकडे." तिनं पाठ माझ्याकडे आणखी सरकवली. "सोड लवकर, नॉरीन."

"नाहीये कापड."

"काय?"

"या वेळी नाही ठेवलं. कापून टाकलं."

ती वळली. डोळ्यांतलं काळं गालावर आलं होतं. "का?"

हा प्रश्न तिनं विचारावा म्हणून तर हे सगळं केलं होतं. मी उत्तर कितीतरी वेळा मनात घोकलं होतं, मशीनवर, भांडी घासताना, गाडीत. "ट्रूडीसाठी," मी म्हटलं.

"कोण ट्रूडी?"

ती सोंग करत नव्हती. मी तिचा चेहरा चाळीस वर्षं ओळखते, सोंग करते तेव्हा भुवया वर जातात तिच्या. तिला खरंच आठवत नव्हतं.

"माझी मुलगी. डेब बॉलला तू तिला रांगेतून काढलंस. दारात उभी केलीस."

ग्लेनिसनं कपाळाला आठ्या घातल्या. मग चेहरा मोकळा झाला. "ती होय! पत्रिका वाटणारी! अगं, किती गोड दिसत होती ती. सगळ्यांशी हसून बोलत होती. मी तेव्हा म्हटलंही होतं कुणाला तरी." आणि मग खरोखर न कळून म्हणाली, "त्याचा आणि याचा काय संबंध?"

ती पुन्हा वळली तेव्हा ती पाठ माझ्यासमोर आली, पट्ट्याच्या कडेवरची ती मऊ वळी, तिच्यावर उमटलेली लाल रेघ. अशीच पाठ मी सिडनीच्या त्या एका खोलीत ओल्या फडक्यानं पुसली होती. मी नजर दुसरीकडे वळवली.

"जाऊ दे," ग्लेनिस म्हणाली. "माणसांना कळत नाही कुणावर भरवसा ठेवावा."

गाड्या पार मैदानाच्या टोकाला उभ्या होत्या. ती एक हात पाठीमागे धरून गवतातून चालत गेली. नवरा घोड्यांवर पैसे लावायला गेला होता, त्याला पत्ताच नव्हता. लोक बाजूला होत होते, बोलणं थांबवत होते आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू करत होते. टाचा गवतात रुतायच्या, मग ती थांबायची, पाय सोडवायची, पुन्हा चालायची. मान मात्र ताठ होती. ते मी कबूल केलं पाहिजे.

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. पर्थला दोनच वाजले असणार. डेसनं दारातच विचारलं, "झालं का जे व्हायचं होतं ते?" मी उभ्याउभ्याच फोन लावला.

ट्रूडीला मी सगळं सांगितलं. लॅमिंग्टन, कात्री, वारा, टोपी, शिट्टी. सांगताना माझी मला गंमत वाटत होती, मी बर्नीचा आवाजही काढून दाखवला. फक्त ग्लेनिसला तिचं नाव आठवलं नाही, तेवढं गाळलं.

"म्हणजे तिनंही करून घेतलं होतं," ट्रूडी म्हणाली.

"हो ना! आणि गावाला सांगत होती सूप पिते म्हणून."

"किती आठवडे झाले होते?"

"चार महिने. का?"

"दुखतं गं तेव्हाही. गार वाऱ्यात जास्तच." मग तिनं विचारलं, "सगळे हसले?"

"सगळे. अख्खं मैदान."

"आणि पाठ पूर्ण उघडी?"

"कमरेपर्यंत."

मला वाटलं आता ती हसेल.

"आई, तिच्या अंगावर कुणी काही टाकलं का?"

"काय टाकलं?"

"कोट, शाल, काहीतरी. का तशीच गेली ती?"

माझं निळं कार्डिगन माझ्या हातावर होतं. सकाळी घरातून निघाले तेव्हापासून होतं, ती गवतातून चालत गेली तेव्हाही होतं, आता फोन धरलेल्या हातावरही तसंच लोंबत होतं.

"तशीच गेली," मी म्हटलं.

"बरं," ट्रूडी म्हणाली. "ठेवते मग. मला दुकानात जायचंय."

मी फोन ठेवला. डेसनं कोड्यातून डोकं वर केलं.

"काय म्हणाली गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "दुकानात निघाली होती."